दर्शनाची बाटली

७ जुलै, सोमवार

दोनशे ऐंशी मिलिमीटर! एका रात्रीत! ठाकुर्ली बुडायलाच हवी होती.

आमचा पर्जन्यमापक म्हणजे काय – कापलेली प्लॅस्टिकची बाटली, बाहेरून चिकटवलेली पट्टी. पाचवी ब ची अख्खी फौज तिच्याभोवती नाचत होती. "बाई, रेकॉर्ड! रेकॉर्ड!" रात्री नुसती भुरभुर होती, मला माहीत आहे. चौकशी केली. स्टीव्ह मान खाली घालून पुढे आला. "बाई, काल फक्त चारच भरलेलं. मला वाईट वाटलं." म्हणून साहेबांनी नळाखाली धरून भरली! हसू आवरेना. तरी बजावलं – पाऊस कमी तर कमी लिहायचा, मोजमाप खोटं लिहायचं नाही.

शाळेचे शिपाई धोंडिबामामा जिन्यावरून ऐकत होते. म्हणाले, "एवढा पडला असता तर मी घंटा द्यायला होडीतून आलो असतो."

१० जुलै, गुरुवार

गाळणीचा प्रयोग. उलट्या बाटलीत कापूस, कोळसा, वाळू, खडी. वरून मैदानातल्या डबक्याचं पाणी ओतलं. खाली थेंब थेंब बऱ्यापैकी नितळ पाणी. सगळी मुलं थेंब मोजत गप्प बसली – गप्प! एरवी माझा घसा फुटायची वेळ येते.

पहिल्या बाकावरच्या दर्शनाने विचारलं, "बाई, स्वच्छ दिसतं म्हणजे स्वच्छ असतं का?" दहा वर्षांची पोर! म्हटलं, पुढच्या आठवड्यात आपण बघूच. शिक्षकांच्या शिबिरात मिळालेल्या पाणी तपासायच्या बाटल्या काढायची वेळ आली.

कमलेश अजून गैरहजर. कावीळ आहे म्हणे. दवाखान्यात ठेवलंय.

१४ जुलै, सोमवार

बाटल्या दिल्या. बोटाएवढ्या आहेत, तळाशी औषध लावलेला कागद. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, कपाटात ठेवायचं. पाण्यात मैल्यातले जंतू असतील तर एक-दोन दिवसांत ते काळं होतं. नसतील तर तसंच राहतं. बस्, एवढंच. पण मुलांना जादू वाटते, आणि खरं सांगायचं तर मलाही.

प्रत्येकाने घरून पिण्याचं पाणी आणलं होतं. तेहेतीस बाटल्या, तेहेतीस चिठ्ठ्या, त्यांवर नावं. नताशाने नावाखाली फूल काढलं.

१५ जुलै, मंगळवार

काही नाही. दर तासाला कपाट उघडायला लावतात.

१६ जुलै, बुधवार

एक काळी! शाईसारखी काळी!

प्रामाणिकपणे लिहायचं तर आनंद झाला. प्रयोग "झाला" ना. बत्तीस जशाच्या तशा आणि एक काळी – याहून स्पष्ट काय हवं! लगेच तक्ता केला. नाव, पाणी कुठलं, रंग. भिंतीवर लावला. काळी बाटली दर्शनाची निघाली. मी म्हटलं, "दर्शना, घरी सांग हं, पाणी उकळून प्यायचं." ती काही बोलली नाही. मागून कोणीतरी "ईऽऽ" केलं. मी "गप्प" म्हटलं आणि पुढे शिकवत राहिले.

१७ जुलै, गुरुवार

डब्याच्या सुट्टीत वर्गात डोकावले. दर्शना एकटी. तिच्या बाकावरची नताशा डबा घेऊन खिडकीपाशी जाऊन बसलेली. का गं? "आई म्हणाली, तिच्या बाटलीतलं पाणी पिऊ नकोस." दुसरी म्हणाली, "मी तर तिची पट्टीपण नाही घेत." मोठ्या शहाणपणाने म्हणाली. चूक करतोय असं कुणाच्याच तोंडावर नाही.

आजी सांगायची – गावच्या विहिरीवर तिला चढू देत नसत. कोणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतायचं, तेही हात लांब ठेवून. ते ऐकून मी लहानपणी रागाने रडायचे. आणि आज माझ्याच वर्गात, मीच लावलेल्या तक्त्यामुळे –

या मुलांना त्यातलं काही ठाऊक नाही. जातपात त्यांच्या मनातही नाही. त्यांना जंतू ठाऊक आहेत, मी शिकवलेले. पण एकटं बसलेल्या पोरीला काय फरक पडतो?

तक्ता काढून टाकला. उशीर झालेला.

१८ जुलै, शुक्रवार

दर्शना आली नाही.

१९ जुलै, शनिवार

शाळा सुटता सुटता दर्शनाची आई आली. शालनताई. डोंबिवलीत चार घरची कामं करते. भांडली असती तर बरं झालं असतं. दारातच उभी राहिली, पदराचं टोक हातात.

"बाई, पोर शाळेत नाही येत म्हणते. मी पाणी उकळते हो. ती तीन वर्षांची असताना जुलाबाने हातची जायची वेळ आलेली. तेव्हापासून एक दिवस चुकवलं नाही. कामावरून कितीपण दमून येऊ दे, आधी पाणी गॅसवर. मग माझ्या घरचं पाणी काळं कसं होईल?"

तिच्याबरोबरच निघाले, उरलेल्या बाटल्यांतल्या दोन पर्समध्ये घालून. रेल्वेलाईनच्या बाजूची चाळ. दोन खोल्या, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आमच्याकडे आहेत तसेच. माठावर झाकण, झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं – हात पाण्याला लागू नये म्हणून. माझ्या घरी पातेल्यात पेला बुडवून पाणी घेतात! दोन्ही बाटल्या माठातल्या पाण्याने भरल्या.

दर्शना पोटमाळ्यावर होती. हाक मारली. खाली आली नाही.

२० जुलै, रविवार

नवऱ्याला, महेंद्रला, सगळं सांगितलं. तो ठाण्याला नौपाड्यात एका लॅबमध्ये आहे, रक्त-लघवी तपासण्यात आयुष्य गेलं त्याचं. म्हणाला, "रिपोर्ट विचित्र आला की आम्ही आधी काय बघतो? सँपल कुणाचं. तू ते विचारलंस का तिला?"

नाही विचारलं. नुसतं सुनावलं.

२१ जुलै, सोमवार

शालनताईच्या घरच्या दोन्ही बाटल्या नितळ. संध्याकाळी त्या घेऊनच गेले. पोटमाळ्याखाली उभी राहून म्हटलं, "दर्शना, तुमचं पाणी एकदम चांगलं आहे. हे बघ." आधी दोन पाय दिसले. मग ती शिडीवरच बसून रडायला लागली.

"बाई, ते घरचं नव्हतंच."

आणलेल्या बाटलीचं झाकण सैल होतं. दप्तरात सगळं सांडलं, वह्या भिजल्या. मग तिने शाळेतच, जिन्याखालच्या नळावरून बाटली भरली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ओरडाल म्हणून."

"आणि तक्ता लावला तेव्हा?"

"तेव्हा सगळे हसत होते."

शालनताईने तिला एक धपाटा घातला आणि लगेच कुशीत ओढली. मी तशीच उभी. मला आधी दर्शनासाठी हायसं वाटलं. मग डोक्यात उजेड पडला – जिन्याखालचा नळ! साडेचारशे मुलं पितात त्यावर. शिक्षकांच्या खोलीत आमच्यासाठी पाण्याचा जार येतो. अकरा वर्षांत मी त्या नळाचं पाणी एकदाही प्यायलेले नाही.

२२ जुलै, मंगळवार

सकाळी आधी मोठ्या बाईंकडे. (थेल्मा बाई आमच्या मुख्याध्यापिका. सगळी शाळा त्यांना मोठ्या बाईच म्हणते. वसईहून येतात, सव्वासहाला शाळेत हजर. ऑक्टोबरअखेर रिटायर.) म्हटलं, एका बाटलीवरून खात्री देता येत नाही, पुन्हा तपासू. त्या उठल्याच खुर्चीवरून. "खात्री होईपर्यंत काय पोरांनी पीत बसायचं?" स्वतः जाऊन जिन्याखालच्या चारही तोट्या दोरीने बांधल्या. सगळ्या पालकांना निरोप – आजपासून घरूनच भरपूर पाणी द्या. दुपारपर्यंत जारही मागवले.

तोट्या बांधायच्या आधी मी दोन बाटल्या भरून घेतल्या. धोंडिबामामा मागे उभे. एरवी काहीतरी गंमत करतात. आज नाही.

२३ जुलै, बुधवार

काळ्या. दोन्ही. पुरता एक दिवसही लागला नाही.

२४ जुलै, गुरुवार

नळवाल्याला घेऊन गच्चीवर चढले. टाकीला वेगळी लोखंडी शिडी आहे. मी ती आज पहिल्यांदा पाहिली. झाकण अर्धं फुटलेलं. आत पिसं, कबुतराची घाण, तळाला वीतभर गाळ. नळवाला नाक दाबून म्हणाला, "मॅडम, वर्षभरात इथे कोण चढलेलंच नाय."

खाली येऊन कपाटातून टाकीचं रजिस्टर काढलं. दर महिन्याला एक ओळ, मामांच्या गोल अक्षरात – "टाकी धुतली. झाकण ठीक." पुढे मामांची सही. त्यापुढे "तपासणारे शिक्षक" म्हणून सही. शेवटी मोठ्या बाईंची छोटी सही.

गेल्या जूनपासून तपासणारे शिक्षक म्हणजे मी.

चौदा सह्या. सगळ्या माझ्या. एका सहीवर चहाचा डाग आहे. मामा रजिस्टर टेबलावर ठेवायचे, म्हणायचे, "बाई, झालं काम," आणि मी बोलता बोलता सही करायचे.

उद्या लिहीन.

२५ जुलै, शुक्रवार

संस्थेच्या नौपाड्याच्या ऑफिसातून दोघेजण आले. मामांना बोलावलं. मोठ्या बाई होत्या, मी कपाटापाशी उभी होते.

"टाकी धुतली नाही?"

"नाही साहेब. चूक माझी."

"तपासायचं कोणी?"

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मीच बघायचो, साहेब. दुसरं कोण नाही."

रजिस्टर कपाटात होतं. माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर.

मामांना सोमवारपासून कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. चौकशी होईल. रिटायर व्हायला चौदा महिने राहिलेत त्यांचे. त्यांनी पायजम्याला हात पुसले, नमस्कार केला आणि गेले.

मी बोलले नाही. मी बोलले नाही!

२६ जुलै, शनिवार

महेंद्रने दोनदा विचारलं, काय झालंय. डोकं दुखतंय म्हटलं.

२७ जुलै, रविवार

मामांच्या घरी गेले. विचारत विचारत सापडलं. त्यांची बायको गंगुबाई चहा टाकायला उठली. मामा कॉटवर, गुडघ्यांना तेल लावलेलं. मला बघून उठायला गेले, उठवेना.

"सव्वा वर्ष झालं, बाई. शिडीची पहिली पायरी चढलो की गुडघ्यातून कळ यायची. सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग घरी बसा. पोरीचं लग्न व्हायचंय. म्हटलं, पुढच्या महिन्यात कुणाला तरी धरून चढतो. पुढचा महिना, पुढचा महिना..."

"मामा, माझं नाव का नाही घेतलंत?"

"माझ्या शब्दावर सही केलीत तुम्ही. मी काय तुम्हाला वर चला, बघा म्हटलेलं? नाय ना."

किती मोठं मन, असं माझ्या मनात येतंय तोवर आतून गंगुबाई कपबशी घेऊन आली आणि खणकन ठेवली.

"तुम्ही दोघं एकमेकांना चांगलं म्हणत बसा. पोरं वर्षभर काय प्यायली, ते बोला ना!"

चहा गार झाला.

येताना वाटेत महेंद्रला फोन केला आणि रस्त्यातच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "घरी ये आधी. मग बघू काय ते."

२८ जुलै, सोमवार

दर्शना आली. शालनताई तिला वर्गाच्या दारापर्यंत सोडून गेली.

पुस्तक उघडलं नाही. टेबलावर सगळ्या बाटल्या मांडल्या – दर्शनाच्या घरच्या दोन नितळ, नळाच्या दोन काळ्या, आणि ती पहिली. म्हटलं, "ही पहिली काळी बाटली दर्शनाच्या घरची नाहीच. आपल्या शाळेच्या नळाची आहे. मी तिला न विचारता तक्ता लावला. चूक माझी होती. दर्शना, मी तुझी माफी मागते." ती बाकाखाली बघत राहिली. कान लाल झालेले.

मग पुढचंही सांगितलं. टाकी, रजिस्टर, सही. सोपं करून, पण सगळं.

स्टीव्हचा हात वर. "बाई, म्हणजे तुम्ही न बघता लिहिलं, बघितलं म्हणून?"

"हो."

"चौदा वेळा?"

"हो, चौदा वेळा."

तो काहीतरी बोलणार होता, बोलला नाही. बसला. मला वाटतं, मला आणखी लाज वाटू नये म्हणून बसला. आकडा वाढवला म्हणून या पोराला मी बजावलं होतं!

सुट्टीत नताशा डबा घेऊन परत पहिल्या बाकावर. दोघी बोलत नव्हत्या, पण एकाच डब्यातलं खात होत्या. नंतर दर्शना टेबलापाशी आली. "बाई, आता टाकी धुतल्यावर परत तपासायची ना? मी बाटली भरू? नीट झाकण लावते."

तीनच बाटल्या उरल्यात. एक तिला दिली.

२९ जुलै, मंगळवार

पत्र लिहिलं, संस्थेच्या नावाने. सव्वा पान. तपासणीची जबाबदारी माझी होती, मी एकदाही वर चढले नाही, मामांवर एकट्यावर कारवाई करू नये, जी होईल ती माझ्यावरही व्हावी. महेंद्रने वाचलं. एक शुद्धलेखनाची चूक काढली. मग चहा त्याने केला.

मोठ्या बाईंकडे दिलं. चष्मा लावून दोनदा वाचलं त्यांनी.

"विचार करून लिहिलंस, रचना?"

"हो बाई."

"तुझी अजून वीस वर्षं आहेत नोकरीची."

"मामांचे चौदा महिने आहेत."

त्यांनी पत्राची घडी घातली. मग पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. "बरं. उद्याच्या टपालाबरोबर देते पाठवून."

घरी येताना भाजी घेतली. किती दिवसांनी नीट निवडून घेतली!

३१ जुलै, गुरुवार

टाकी धुऊन झाली. नवं झाकण, वर जाळी. दर्शनाने बाटली भरली, झाकण चारदा तपासलं.

कमलेश आला! हडकलाय. शर्ट खांद्यावरून उतरतो. त्याची आई सोडायला आलेली. मुलं वर्गात गेल्यावर हळूच म्हणाली, "बाई, लोक बोलतायत. त्या पाण्यानेच झालं का ह्याला?"

"नक्की सांगता येत नाही. झालेलं असू शकतं." मग बोलूनच टाकलं. "टाकी तपासल्याची सही माझी आहे. मी तपासली नव्हती."

तिने माझ्याकडे बघितलं. ओरडेल, शिव्या देईल असं वाटलं. द्यायला हव्या होत्या.

"महिनाभराचा अभ्यास बुडालाय त्याचा," ती म्हणाली. "तेवढा घ्या करून." आणि गेली. वळून बघितलं नाही.

उद्यापासून शाळा सुटल्यावर कमलेशला रोज एक तास.

१ ऑगस्ट, शुक्रवार

दर्शनाची बाटली अजून तरी नितळ. उद्या सकाळपर्यंत थांबायचं, ती म्हणते. मधे कपाट उघडू देत नाही कुणाला, मलासुद्धा!

संस्थेकडून काही नाही. फोन वाजला की आधी नंबर बघते.

२ ऑगस्ट, शनिवार

दर्शनाची बाटली सकाळीही नितळ! अकराला ऑफिसातून फोन. धोंडिबामामांना सोमवारपासून परत घेतलंय, बसून करायचं काम. आणि "प्रभारी मुख्याध्यापिका म्हणून सोमवारपासून तुम्ही. अभिनंदन, मॅडम." मला काही कळेना. मोठ्या बाई कुठे? "त्यांनी राजीनामा दिला ना. टाकीची सगळी जबाबदारी आपली एकटीची, असं लेखी दिलंय त्यांनी. तपासणी आपणच करायचो, म्हणाल्या." आणि माझं पत्र? "कुठलं पत्र?"

मोठ्या बाईंचा ड्रॉवर उघडाच होता. पत्र आत, ठेवलं होतं तसंच.

सोमवारी आधी नौपाड्याला जाणार. पत्र या वेळी माझ्या हाताने देणार.